घसरण्याइतकं कडक

मंगळवार, ३ मार्च

ही वही रसायनवाल्याने नव्या वर्षाला दिलेली. कोरीच पडून होती. बॅचच्या वहीत बॅचशिवाय दुसरं काही लिहायचं नाही हा नियम माझाच, म्हणून आजचं इथे लिहिते.

दुपारी ठकी कारखान्यात आली. ठकी म्हणजे माझी मुलगी. तेवीस वर्षांची झाली, तरी घरात हेच नाव चालतं. सकाळी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवते, दुपारनंतर स्केटबोर्ड घेऊन पुलाखालच्या मैदानात असते. कारखान्यात ती येत नाही, वासाने डोकं दुखतं म्हणते. आज आली आणि माझ्या टेबलावर एक चाक ठेवलं. पांढरं, लहान, एका जागी झिजून चपटं झालेलं.

"आई, असं ओतून देशील? चार हवीत."

मी कॅलिपर लावला. व्यास चौपन्न मिलिमीटरला थोडा कमी. रुंदी बत्तीस. मधलं भोक बावीस.

कारखाना म्हणजे दादा आणि मी. छपाईच्या यंत्रांचे रोलर करतो. लोखंडी दांड्याभोवती मी पॉलियुरेथेन ओतते, दादा ते लेथवर घासून गोल करतो. त्याने लेथ बंद केली, चाक दोन बोटांत धरून उजेडात पाहिलं.

"ठके, आम्ही सहा फुटी रोलर करणारी माणसं. हे बटण आहे."

"मग बटण करा, मामा. एवढं तरी जमेल ना?"

बाजारात चाकं नाहीत. तिच्या दुकानदाराचा माल दोन महिन्यांनी येणार. स्केटबोर्ड संघाची निवड-चाचणी एकोणीस एप्रिलला. सहा जणी घेणार, आणि त्या सहा जणी वर्षभर दुसऱ्या शहरात राहून सराव करणार. हे मला पूर्वीच सांगितलं होतं असं ती म्हणते. मला आठवत नाही.

कडकपणा किती, असं विचारलं.

"नव्याण्णव."

आमचे रोलर साठ ते ऐंशीतले. नव्वदच्या वर मी सत्तावीस वर्षांत काही ओतलेलं नाही. तरी हो म्हणून टाकलं. ती माझ्याकडे सहसा काही मागत नाही.

शुक्रवार, ६ मार्च

संध्याकाळी ठकीने स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्केटबोर्ड उलटा ठेवला आणि मला शब्द शिकवले. जी वस्तू करायची तिचे शब्द आधी माहीत हवेत, असं मीच तिला म्हटलं होतं.

मी इतके दिवस जिला फळी म्हणत होते तो डेक. डेकखाली धातूचे दोन आडवे तुकडे असतात, त्यांना ट्रक म्हणतात. चाकं त्यांच्या आसावर बसतात.

नवरा शाळेची बस चालवतो. तो चहाचा कप घेऊन मागे उभा होता. "एवढ्याशा पाटाखाली दोन ट्रक. माझी बस उगाच भाव खाते."

"बाबा, तुम्ही जा बघू."

चाकात बेअरिंग जिथे बसतं ती सीट. सीट सैल झाली तर बेअरिंग फिरतं आणि चाक डुगडुगतं. हे आमच्यासारखंच. चाकाच्या बाजूची गोलाई म्हणजे लिप. जमिनीला टेकतो तो पट्टा काँटॅक्ट पॅच. पट्टा रुंद असेल तर चाक धरून ठेवतं, अरुंद असेल तर लवकर सुटतं. चाक मोठं तर वेग जास्त, पण वळताना ते डेकला घासून अडकायची भीती. त्याला व्हील बाइट म्हणतात. चाक जागच्या जागी थांबतं आणि वरचं माणूस पुढे जातं. हे सांगताना ती हसत होती. हनुवटीखालची खूण दाखवून म्हणाली, "ही त्याचीच." ती खूण न्हाणीघराच्या पायरीवर पडून झाली, असं मला दोन वर्षांपूर्वी सांगण्यात आलं होतं. नवरा कपात बघत राहिला. त्याला माहीत होतं.

मग मी ब्रेकचं विचारलं.

"ब्रेक नसतो. बोर्ड आडवा करायचा. चारही चाकं फिरायची थांबतात आणि घसरतात. घसरत घसरत थांबायचं. पॉवरस्लाइड."

"घसरली नाहीत तर?"

"म्हणून तर नव्याण्णव हवं ना. मऊ चाक जमीन धरतं. कडक चाक सोडतं."

हे मी वहीत लगेच लिहू शकले नाही. आमच्याकडे जो रोलर घसरला तो गिऱ्हाईक परत पाठवतं. कागद वाकडा जातो, शाई फासते. सत्तावीस वर्षं मी न घसरणाऱ्या वस्तू ओतते आहे. इथे जी घसरत नाही ती वस्तू वाया गेलेली.

आणखी एक शब्द राहिला. घसरताना चाक एकाच जागी झिजलं तर तिथे सपाट डाग पडतो, तो फ्लॅट स्पॉट. मग चाक चालताना टप टप वाजतं. तिने आणलेल्या चाकाला तो आहे.

सोमवार, ९ मार्च

दादाने ॲल्युमिनियमचा सहा घरांचा साचा केला. चार चाकं आणि दोन जास्तीची. सुबक झाला आहे. तो बटण बटण म्हणत राहिला आणि शेवटी साच्याला पॉलिश करत बसला.

माझ्याकडे दोन पिंपं आहेत, एक मऊ रसायनाचं, एक कडक. दोन्हीचं प्रमाण बदललं की मधला हवा तो कडकपणा मिळतो. हिशेब काल मांडून ठेवला होता. ओतताना मऊ पिंपातला एक मग जास्त घातला. मऊ मिश्रणातली हवा लवकर निघते, बुडबुडे राहत नाहीत. इतक्या लहान साच्यात बुडबुडा राहिला तर चाक फुटू शकतं.

दुपारी भट्टीत ठेवली. उद्या काढायची. मग ओतल्यापासून आठवडा होईपर्यंत नुसती ठेवायची, तोवर आकडा पक्का होत नाही.

मंगळवार, १७ मार्च

आकडा घेतला. कडकपणा मोजायचं आमचं घड्याळ म्हणजे खाली बोथट टोक आणि वर शून्य ते शंभर फिरणारा काटा. टोक दाबायचं, काटा थांबेल तो आकडा. सहा चाकं: ९६, ९६, ९७, ९६, ९६, ९६. बॅचच्या वहीत तसंच लिहिलं.

रोलरच्या धंद्यात पाच वर-खाली चालतं. ऑर्डर सत्तरची, माल सदुसष्टचा आला, तर कोणी पत्रसुद्धा पाठवत नाही. लेबलवर ऑर्डरचाच आकडा पडतो. चाकांच्या बाजूवर मी मार्करने ९९ लिहिलं.

दादाने लेथवरूनच विचारलं, "बसला का आकडा?"

"बसला."

त्याने मान हलवली. माझ्यानंतर आकडा कोणी तपासत नाही.

गुरुवार, १९ मार्च

ठकीने काल चाकं चढवली. आज सांगत होती की सगळ्या मुलींनी हातात घेऊन बघितली. कडा किती स्वच्छ, सीट किती घट्ट. दुकानदारानेही पाहिली. त्याच्या गुडघ्यात दोन स्क्रू आहेत, म्हणून मैदानात सगळे त्याला स्क्रूच म्हणतात. त्याने चाकात नख रुतवलं, बोर्ड थोडा पुढे ढकलला, कान दिला आणि म्हणाला, "नव्याण्णवच्या मानाने गप्प आहेत."

"मग मी त्याला सांगितलं," ठकी म्हणाली, "माझी आई आकडा चुकवत नाही. घड्याळ चुकेल."

मी भांडी पुसत होते. ती पुसून झाली.

बुधवार, २५ मार्च

कोपर सोलून आली. डेटॉल लावताना हूं की चूं केलं नाही. मग आपणहून म्हणाली, "स्लाइड मध्येच तुटते. अर्ध्यात बोर्ड थांबतो आणि मी पुढे."

"चाकं?"

"चाकं छान आहेत. माझंच बिघडलंय. वजन कुठे टाकते तेच कळेनासं झालंय."

नवरा म्हणाला, "होतं असं. मला एकदा आठवडाभर रिव्हर्स जमत नव्हतं."

"बाबा, तुम्ही त्या आठवड्यात शाळेचं फाटक पाडलंत."

"फाटक जुनं होतं."

ती हसली, पण थोडंच.

सोमवार, ३० मार्च

जेवणाच्या सुट्टीत स्क्रूच्या दुकानात गेले. दोन बेअरिंगांच्या मधली धातूची नळी बघायची होती. दुकान म्हणजे एका अरुंद जिन्याखालची खोली. भिंतीवर डेक टांगलेले, काउंटरवर बेअरिंग भिजत घातलेली बरणी. तो चाळिशीचा असेल. मी कोण ते मी न सांगताच त्याने ओळखलं. हनुवटी सारखी आहे म्हणाला.

नळी दिल्यावर मी सहज विचारावं तसं विचारलं, शहाण्णव आणि नव्याण्णव यांत असा काय फरक पडतो.

"तुमच्या घड्याळाचा काटा शंभरला संपतो ना? मग वरच्या टोकाला सगळी दाटी. साठ आणि त्रेसष्टमध्ये काही नाही. शहाण्णव आणि नव्याण्णव म्हणजे दोन वेगळी चाकं. खरं तर इतक्या कडक मालाला ते घड्याळ वापरूच नये. टोकदार सुईचं दुसरं येतं."

आमच्याकडे ते आहे. डबीतून वीस वर्षांत काढलेलं नाही.

तो बरणी हलवत म्हणाला, "तुमचं घड्याळ शेवटचं कधी तपासून घेतलंत? जुनं झालं की चुकतं. कोणाचीही चूक नसते त्यात."

मी म्हटलं, बरेच दिवस झाले असतील. घड्याळ डिसेंबरात तपासून आलं आहे. प्रमाणपत्र माझ्याच फायलीत आहे.

निघताना त्याने विचारलं, "तिची स्लाइड बघितलीत का कधी?"

"नाही."

"तीन वर्षांत?"

"कारखाना सहापर्यंत असतो."

"मैदान आठपर्यंत," तो म्हणाला. तुटक नाही, नुसतं माहिती दिल्यासारखं.

शुक्रवार, ३ एप्रिल

ठकी पडली. डावं मनगट. डॉक्टर म्हणाले मोडलेलं नाही, लचकलं आहे, चार दिवस पट्टी. ती पांढरी पडली होती, पण ते दुखण्याने नव्हतं.

घरी आल्यावर म्हणाली, "मी निवडीतून नाव काढून घेते."

नवऱ्याने विचारलं, "मनगटासाठी? ते तर बरं होईल."

"भीती बसलीये, बाबा. बोर्ड आडवा करायच्या आधीच अंग आखडतं. अशी मुलगी कोणी घेत नाही, घेऊ पण नये. बारा तारखेपर्यंत कळवायचंय. कळवते."

नवऱ्याने तिच्या पायांवर पांघरूण घातलं. वर्षभर दुसऱ्या शहरात जायचं होतं ते आता नाही, हे त्याच्याही मनात आलं असणार.

आज मला लवकर झोप येते आहे.

रविवार, ५ एप्रिल

घर शांत आहे. ठकीने एका हाताने कपाटं आवरली. स्केटबोर्ड तिच्या पलंगाखाली गेला. मी बऱ्याच दिवसांनी खिडक्या पुसल्या.

दुपारी ती म्हणाली, "आई, कारखान्यात माणूस लागेल का तुम्हाला? चष्म्याचं दुकान अर्धाच दिवस असतं."

"तुला वास सहन होत नाही."

"होईल सवय. काहीतरी नेमकं शिकावं म्हणते. तुझ्यासारखं. तुझं कसं, एकदा आकडा लिहिलास की संपलं."

मी मंगळवारी ये म्हटलं. आनंद झाला. तो आनंद संध्याकाळपर्यंत टिकला नाही, का ते समजत नाही.

मंगळवार, ७ एप्रिल

ठकी कारखान्यात. तिला घड्याळ धरायला शिकवलं. टोक सरळ ठेवायचं, एकदम दाबायचं नाही, तीन जागी आकडा घ्यायचा. भिंगांच्या कामाने तिचा हात स्थिर झाला आहे. रोलरच्या तुकड्यावर पहिल्याच खेपेला बरोबर सत्तर.

मग तिने टेबलावर नजर फिरवली, "अजून कशाचा घेऊ?" जास्तीची दोन चाकं ड्रॉवरमध्ये होती, ड्रॉवर अर्धा उघडा. मी तो पायाने लोटला.

ती गेल्यावर दादाने चहा आणला. माझ्यासमोर बसला. तो सहसा लेथजवळच पितो.

"बारके, बॅचच्या वहीत शहाण्णव आहे. चाकांवर नव्याण्णव."

"पाच वर-खाली चालतं आपल्यात."

"चालतं."

"मग?"

"मग ड्रॉवर का लोटलास?"

मी कप खाली ठेवला. तो म्हणाला, "मी काही बोलणार नाही. पोरगी घरात राहिली तर मलाही बरंच वाटेल. पण ती रोज इथे येणार आहे. आज ना उद्या वही उघडेल."

वहीत मी शहाण्णव का लिहिलं? तिथेही नव्याण्णव लिहिता आलं असतं. हात गेला नाही.

गुरुवार, ९ एप्रिल

सांगितलं.

ती आल्यावर ड्रॉवरमधलं एक चाक काढून तिच्यापुढे ठेवलं, घड्याळ दिलं. पट्टी कालच निघाली होती. तिने तीन जागी आकडा घेतला. मग चाक फिरवून पुन्हा तीन जागी.

"शहाण्णव," ती म्हणाली. "घड्याळ बिघडलं का?"

"घड्याळ बरोबर आहे."

"मग माझी पण अशीच?"

"हो."

"तुला कधी कळलं?"

"ओतताना. मऊचा एक मग जास्त घातला."

"चुकून."

"नाही."

लेथ चालू होती. दादाने ती बंद केली नाही. बरं झालं.

"का?"

बुडबुड्यांचं कारण तोंडाशी आलं होतं. ते मी एक महिना स्वतःला देत होते. म्हटलं, "तू घसरू नयेस म्हणून."

तिने घड्याळ कापडावर ठेवलं, नीट, शिकवलं तसं. "तीन आठवडे मी समजत होते की माझ्यातलं काहीतरी गेलं. मी पडत होते आणि म्हणत होते, वजन चुकलं, खांदा चुकला, मीच चुकले. स्क्रूशी भांडले तुझ्यासाठी. आणि तू समोर बसून माझ्या कोपराला डेटॉल लावत होतीस."

"हो."

"नाव काढून घेते म्हटलं तेव्हा पण काही बोलली नाहीस."

"नाही."

"खूश झालीस ना?"

देण्यासारखं उत्तर एकच होतं. ती निघून गेली. हात न धुता.

शुक्रवार, १० एप्रिल

ठकी माझ्याशी बोलत नाही. मीठ लागलं तर बापाकडे मागते. मिठाची बाटली माझ्यापुढे असते, तो उठून ती नेतो.

स्वयंपाकघरात नवरा म्हणाला, "सांगायची काय गरज होती? तिने सोडलंच होतं."

"म्हणूनच."

"म्हणजे?"

"तिने सोडलं नव्हतं. मी सोडायला लावलं."

"एवढा विचार करायला लागलीस तर पोरं वाढवता येत नाहीत." दाराशी जाऊन म्हणाला, "हनुवटीचं मी सांगायला हवं होतं तुला." मग गाडी धुवायला गेला. ती कालच धुतली होती.

शनिवार, ११ एप्रिल

सकाळी मी पोचले तर ठकी कारखान्याच्या दाराशी उभी. सोबत स्क्रूने लिहून दिलेली चिठ्ठी.

"नाव काढलेलं नाही. आजच ओतायची. आज ओतली तर अठराला आकडा पक्का होतो. एकोणीसला चाचणी. मधल्या आठवड्यात जुन्या चपट्या चाकांवर खेळते."

"बरं."

"आकडा तू लिहायचा नाही. मी लिहिणार. घड्याळ माझ्या हातात. डबीतलं, सुईचं. चिठ्ठीत लिहिलंय, नव्याण्णव म्हणजे त्यावर पंचावन्न. पिंपाजवळ मी उभी राहणार."

"बरं," मी पुन्हा म्हटलं.

मी मग भरला की ती मोठ्याने मोजायची. कडकचे सगळे झाल्यावर मऊच्या पिंपाकडे वळले, तिने विचारलं, "किती?" मी हिशेबाचा कागद तिला दिला. तिने तो वाचला, मग माझ्याकडे पाहिलं, मग मोजलं. हवा काढायला वेळ लागला, बुडबुडे पुष्कळ आले. ते निघेपर्यंत दोघी भांड्यात बघत उभ्या होतो.

मंगळवार, १४ एप्रिल

कालपासून ती जेवताना माझ्यासमोर बसते. मैदानातून येताना जुनी चाकं टप टप वाजतात, गल्लीच्या तोंडाशी आली की घरात ऐकू येतं. आज ती येऊन हात धुता धुता बापाला म्हणाली, "आज एक स्लाइड पूर्ण गेली. चपट्या चाकांवर." मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली की आवाजच तेवढा होता, ते मी सांगू शकत नाही.

शनिवार, १८ एप्रिल

सहा चाकं, प्रत्येकी तीन जागा, अठरा आकडे. ठकी वाचत होती आणि स्वतःच लिहीत होती. पाच चाकं चौपन्न-पंचावन्न. सहावं बावन्न.

दादा म्हणाला, "चालेल की. वर-खाली..."

"नाही चालणार," मी आणि ती एकदम म्हणालो. मी ते चाक भंगारात टाकलं.

राहिलेल्या पाचातली चार तिने चढवली. कारखान्याच्या मागच्या काँक्रीटवर गेली. मी आतच होते, भट्टी पुसत होते. एक लांब, कर्कश आवाज आला, लोखंडावर हत्यार चुकल्यासारखा. मी पटकन दाराशी गेले. ती उभी होती. खाली काँक्रीटवर फिकट पांढरे चार ओरखडे.

"असा आवाज हवा," ती म्हणाली. हे ती दादाला म्हणाली की मला, ते कळलं नाही; दोघेही दारात होतो.

रविवार, १९ एप्रिल

मी गेले. नवराही आला, पण तो बसमध्ये बसून राहिला. तिथून दिसतं म्हणाला. तिथून भिंत दिसते.

मैदान मला वाटलं होतं त्याहून लहान. काँक्रीटचे उतार, कठडे, पायऱ्या. चौदा मुली. स्क्रूने मला कठड्याजवळ जागा करून दिली आणि काही समजावत बसला नाही.

पहिली फेरी. ठकी उतारावरून सुटली. माझ्या अंदाजापेक्षा वेग दुप्पट. सपाटीवर आली, गुडघे वाकवले आणि बोर्ड आडवा केला. चाकं फिरायची थांबली, किंचाळली. ती मागे रेललेली, एक हात जमिनीपासून वीतभर वर, आणि सगळी मिळून घसरत चाललेली. तीन मीटर असेल. सीमारेषेच्या अलीकडे थांबली. त्या तीन मीटरमध्ये मी कठडा इतका धरला की तळव्यावर अजून वण आहे. पण बघितलं, सगळं. पडण्याच्या जवळ ती कुठेच नव्हती. हे मला तीन वर्षं माहीत नव्हतं.

दुसऱ्या फेरीत स्लाइड दोनदा केली, दोन्ही स्वच्छ. शेवटी पायऱ्यांवरून उडी. बोर्ड पायाखालून पुढे सटकला आणि ती बसली. लगेच उठली. पण ती फेरी गेली.

निकाल तासाभराने लागला. सातवी. सहा घेतल्या.

ती बोर्ड काखेत घेऊन आली. मी न विचारता तिच्या हातातून तो घेतला, उलटा केला, एकेक चाक फिरवून बघितलं. सीट, कडा, पट्टा. सपाट डाग कुठे नव्हता.

"चाकं ठीक आहेत, आई," ती म्हणाली. "मागचा पाय उशिरा पडला. मी पडले, बस."

हे सांगताना चेहरा रडवेला होता, पण आवाज सरळ. त्या तीन आठवड्यांतला आवाज नव्हता तो. पुढची निवड आठ महिन्यांनी. तेवढ्यात पायऱ्यांची उडी बसवायची, असं ती स्क्रूला सांगत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पाचवं चाक जपून ठेव." एवढंच.

बसमध्ये ती सबंध रस्ताभर त्या उडीबद्दल बापाशी बोलत होती. मध्ये दोन शब्द मला कळले नाहीत. विचारले. तिने एकदा सांगितले. मला पुन्हा विचारावं लागलं, तिने पुन्हा सांगितले.

उद्या सहा वाजता कारखाना बंद झाला की मी मैदानावर जाणार आहे. ये असं ती म्हणालेली नाही. येऊ नको असंही म्हणालेली नाही.